भांडता येईल असा फोन

माझी आत्या भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. ती शिवणकाम करते. जन्मापासून तिला ऐकू येत नाही आणि ती हातांनी जे सुनावते, ते झेलायला समोरचं माणूस तयारीचं लागतं. असं माणूस तिला एकच मिळालं, तिची धाकटी बहीण. तिलाही ऐकू येत नाही. दोघी समोरासमोर आल्या की एकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरी तिचं मनगट धरून खाली दाबायची आणि आपलं सुरू करायची.

धाकटी लग्न होऊन दूर गेली. यंदा तिने आत्याला मेसेज केला, ‘एकटी काय राहतेस? कायमची माझ्याकडे ये.’

आत्याच्या मनात जायचं होतं, पण लिहिलेल्यावर तिचा विश्वास नाही. “लिहायला काय जातंय?” तिने खुणांनी मला सांगितलं. “मला तिला बोलताना बघू दे.”

नेमकं तेव्हा आमच्या ऑफिसात हेच काम चाललं होतं. नेटवर्क रडत असलं तरी खुणांनी बोलता यावं, असा व्हिडिओ कॉल. मी नाचतच ते ॲप दोघींच्या फोनवर चढवलं. आत्याने फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवला आणि दोन्ही हात मोकळे केले. चित्र इतकं स्वच्छ की धाकटीच्या बांगड्यांची नक्षी दिसावी. एक थांबली की दुसरी बोलत होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

कॉल संपल्यावर आत्या उगाचच कात्री पुसत बसली.

“ती बदलली,” ती म्हणाली. “एकदाही मला मध्ये तोडलं नाही. पाहुण्यांशी बोलावं तशी बोलली. तोंडदेखलं बोलावतेय. मी नाही जात.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटी तीच होती, अडखळत होता तो आमचा व्हिडिओ. कमी नेटवर्कातही चित्र देखणं ठेवायच्या हौसेपायी आम्ही मधली हालचाल कापली होती. हात इथून एकदम तिथे, तोही उशिरा. मध्ये घुसायची फट दिसेपर्यंत समोरचीचं बोलणं संपलेलं असायचं.

ऑफिसात मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. चित्र लहान करा, मागची भिंत पुसट होऊ दे, बांगड्या गेल्या चुलीत, पण हात आणि भुवया थांबता कामा नयेत.

“अगं, गचाळ दिसेल ते,” साहेब म्हणाले.

“दिसू दे की. त्यांना भांडता आलं पाहिजे.”

पुढच्या कॉलला आत्या तोंड पाडूनच बसली. चित्र खरंच गचाळ होतं. येतेस कधी, असं धाकटीने विचारलं. आत्या सांगू लागली, आले तर शिलाई मशीन बरोबर आणावं लागेल. मशीनची खूण अर्ध्यावर होती, तोच धाकटीचे दोन्ही हात उडाले.

“ते धूड नको. घरभर चिंध्या करशील.”

“तुझं घर म्हणजे मोठा राजवाडाच—”

“आधी माझं ऐक—”

आत्याने सवयीने तिचं मनगट धरायला हात पुढे टाकला आणि फोनच खाली पाडला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मी फोन उचलून पुन्हा डब्याला लावला, तर आत्या समोर नव्हती. ती मशीनखाली वाकली होती.

“पाना दे,” तिने हात बाहेर काढून खूण केली. “याचे पाय सुटे करते. नको म्हणते म्हणजे काय.”

फोनमध्ये धाकटी रिकाम्या खुर्चीशी भांडतच होती.