फुगलेलं पाणी

साखर कारखान्यात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये माझी नोकरी. नव्या माणसांवर मी खेकसतो, कारण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात लवकर शिरत नाही. पलीकडे साखर शिजवणाऱ्यांनी एकदम वाफ ओढली की बॉयलरचा दाब उतरतो, आतल्या पाण्यात बुडबुडे फुगतात आणि पातळीचा काटा वर जातो. पाणी तर संपत असतं. वाफेच्या या अचानक ओढीला आम्ही डिस्टर्बन्स म्हणतो. बाहेरून आलेला, आपल्या हातात नसलेला धक्का. काटा बघून आपोआप पाणी कमीजास्त करणारा कंट्रोलर बिचारा भोळा. त्याला वाटतं पाणी लय झालं, आणि ऐन गरजेला तो पाणी तोडतो. नुसत्या काट्यावर जाऊ नका, वाफ किती चाललीय तेही बघा, असं घसा फोडून सांगत आलोय.

यंदाच्या उन्हाळ्यात आबा, माझे वडील, सांगलीत दवाखान्यात होते. किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. कवठे महांकाळला दिलेली थोरली बहीण त्यांच्या उशाशी बसून होती. शेवटचं पाणी आपल्या हातनं आबांच्या तोंडात पडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

एका सकाळी आबा उठून बसले. दहीभात मागितला. तोंडावर तजेला आला. चुलते म्हणाले, "उगंच घाबरलो गड्या आपण." आबांनी आक्काला फर्मावलं, "जा तू घरला. म्हसरं उपाशी असत्याल. मला काय धाड भरलीया?"

आक्का पिशवी भरायला लागली. माझी नजर कॉटखालच्या लघवीच्या पिशवीवर होती. ती कोरडीच होती. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात; मला तो काटा आठवत होता. पण हसत्या माणसांत हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि माझंच चुकत असलं तर देव पावला, असंही वाटत होतं.

"आक्का, आज ऱ्हा की," एवढंच म्हणालो.

"खुळ्या, आबा भात खात्यात आन् तू तोंड पाडून बसलायस," म्हणत ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मीच तिला स्टँडवर सोडलं.

परत आलो तर आबांना धाप लागलेली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मी चमच्यानं तोंडात पाणी सोडलं, ते ओठांवरून परत आलं. मग धाप थांबली.

तेवढ्यात आक्काचा फोन आला. तिची एसटी मिरजेच्या पुढं गेली होती.

"ऊन लय हाय," ती म्हणाली, "आबास्नी पाणी पाज हां."

"पाजलं," मी म्हणालो.