भावोजींची झुरळं

आमच्या वाडीत कोणी म्हैस पाळतं, कोणी कोंबड्या पाळतं, आणि माझ्या थोरल्या दिराने झुरळं पाळली. हसा, हसा. मीही पोट धरून हसले होते. श्रीपत भावोजी जन्मभर मुंबईत पाळीव प्राण्यांच्या दुकानात राबले, आणि म्हातारपणी पोलादपूरला परतले ते प्लास्टिकचे दोन खोके काखोटीला मारून. एकात झुरळं. दुसऱ्यात तळहाताएवढा केसाळ कोळी. त्याला ते टॅरंटुला म्हणायचे.

मुंबई-पुण्याकडे असे कोळी हौसेने पाळणारे लोक आहेत म्हणे. कोळ्याला जिवंत खाणं लागतं, आणि घरातलं झुरळ चालत नाही, कारण त्याच्या पोटात कुठलं औषध गेलंय कोण जाणे. म्हणून भावोजींनी ही परदेशी जात वाढवायला घेतली. ती उडत नाही आणि गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाही. मागल्या खोलीत मोठाले टब, टबात अंड्यांचे रिकामे ट्रे उभे लावलेले, वर ऊब राहावी म्हणून पिवळा बल्ब. खायला कोंडा, गाजर, लाल भोपळ्याच्या साली. तयार झाली की भोकं पाडलेल्या डब्यात भरून पोलादपूर स्टँडवरून गाडीने रवाना. मी अंगणवाडीत पोरांना 'हात धुवा, झुरळापासून लांब राहा' असं शिकवायचे आणि घरी यायचे तर भिंतीपलीकडे हा गोतावळा!

त्या खोलीचा एक आवाज होता. वाळका पाला कोणीतरी सतत चाळवतंय, तसा. भावोजी खोकले की तो एकदम बंद पडायचा. सगळे टब चिडीचूप. मग पुन्हा हळूहळू सुरू. मला ते ऐकून शिसारी यायची, पण खोटं कशाला सांगू, भीती नव्हती वाटत. भीती नंतर वाटायला लागली.

गेल्या वर्षी भाताच्या कापणीच्या दिवसांत एका दुपारी भावोजी त्या खोलीतच पडले. पडताना एक टब उपडा झाला. सुंदराबाई, म्हणजे माझी थोरली जाऊ, आमची वयनी, धावत गेली तेव्हा भावोजी गेलेले होते, आणि त्यांच्या अंगाखांद्यावरून झुरळं फिरत होती. वयनीने एकेक उचलून टबात टाकलं. रडली नंतर.

आमच्याकडे रीत आहे. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, माणूस जिथे गेला तिथे तांदळाचं पीठ पसरतात, मध्ये दिवा ठेवतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठात जे पाऊल उमटलेलं असेल, त्या जन्माला माणूस गेला. कोणाचं पाखराचं निघतं, कोणाचं गाईच्या खुरासारखं. भाऊबंद जमले. टोपली उचलली. पिठात बारीक टिंबांच्या दोन रांगा, आणि मधून ओढल्यासारखी एक रेघ.

"झुराळ हाय," भिकूआजा म्हणाला. तो आमच्या भावकीतला सगळ्यात जुना माणूस. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

मी तिथल्या तिथे बोलले. "अहो, झुरळांच्या खोलीत पीठ पसरलंत, टब उपडा झालेला, अर्धी झुरळं कोनाकोपऱ्यात लपलेली. मग काय तिथे मोराचं पाऊल उमटणार?" कोणी ऐकलं नाही. आणि एक गोष्ट मलाही खुपत राहिली. पावलं काठाकडून आत आलेली नव्हती. दिव्याजवळून सुरू झाली होती आणि बाहेर गेली होती. आत यायचं एकही पाऊल नव्हतं. ते मला आजतागायत उलगडलेलं नाही.

त्या दिवसापासून वयनी बदलली. डबे पाठवणं बंद. गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून थकले. कोळ्याला एकही झुरळ घालेना. उलट झुरळांनाच सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी घालू लागली, कारण भावोजींना ती आवडायची. दुपारी मी गेले तर ही टबाशेजारी बसून बोलतेय. "अवो, प्रितमचा फोन आल्ता." टब गप्प. "तब्येत बरी हाय म्हनला." पुन्हा सळसळ. मी दारात उभी राहून ऐकलं, आणि आल्या पावली परत फिरले. तिचं बोलणं संपेपर्यंत तो आवाज थांबायचा, रोज, दर वाक्याला.

प्रितम म्हणजे तिचा मुलगा, भांडुपला असतो. तो सुट्टी काढून आला. "आई, टेन्शन नको घेऊ. पुण्याची पार्टी आख्खा लॉट उचलायला तयार हाय. तू माझ्याकडं चल."

"पुन्यात नेऊन काय करतील?"

"काय करतील म्हंजे? कोळ्यांना घालतील."

"बापाला घालशील?" एवढंच विचारलं तिने. पोरगा पांढराफटक पडला. टब जागचे हलले नाहीत, आणि तो रिकाम्या हाताने परत गेला.

इकडे कोळी वाळत चालला होता. पोट आत गेलेलं, खोक्याच्या कोपऱ्यात पाय आखडून बसलेला. मी म्हटलं, "वयनी, त्या मुक्या जीवाला तरी सोड रानात." दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून आले तर माझ्या ओट्यावर येऊन बसलेली.

"शर्मिला, ह्यांनी आजवर किती झुरळां घातली असतील गो कोळ्यांना?"

"मला काय ठाऊक! लाखभर असतील."

"म्हंजे लाख जीव झाले." ती आपल्या हातांकडे बघत होती. "तेवढे येळा ह्यांना झुराळ व्हायला लागंल, आन तेवढे येळा त्याच तोंडात जायला लागंल. तवा सुटतील. आन मी मूर्ख, त्यांना भाकर घालून अडकवून ठेवलाय."

"वयनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हाय," ती म्हणाली, आणि ती वेडी दिसत नव्हती. तेच वाईट होतं. मला तिची दया आली.

त्या संध्याकाळी तिने खोलीत समई लावली. एक झुरळ हातावर घेतलं, नमस्कार केला, आणि कोळ्याच्या खोक्यात सोडून तोंड फिरवलं. इतके दिवस मेल्यागत बसलेला तो कोळी हलला. आवाजसुद्धा झाला नाही. "गेले," वयनी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. मग रोज एक. रोज समई, रोज नमस्कार.

मी मुद्दाम बघायला जायचे, काहीतरी खोड काढायला. पण जे बघितलं ते सांगते. समई लागली की सगळी झुरळं ट्रेच्या आड पळतात, उजेड त्यांना सोसत नाही. एकच मागे राहतं. टबाच्या कोपऱ्यात, मिश्या न हलवता, वाट बघत. वयनी हात खाली नेते आणि ते हातावर चढतं. रोज वेगळं झुरळ, पण रोज तोच कोपरा. भावोजी उंच स्टूल टाकून बसायचे ना, त्याच्या बाजूचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. वाडीत माझं हसं झालं असतं.

आता या महिन्यात वयनीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. प्रितम तिला महाडला घेऊन जाणार, चार दिवस तिकडेच ठेवणार. ती तयारच होईना. "मी नसले तर ह्यांचं कोन करंल?" शेवटी गाडी दारात आली तेव्हा तिने माझा हात धरला.

"एक दिस चुकला तर ते एक दिस जास्त अडकून पडतील. करशील ना गो?"

"करते, जा बाई एकदाची!" मी खेकसले. "असल्या खुळचटपणाला माझा हात लावायची वेळ आणलीस तू." मी खरंच चिडले होते. तिच्यावर, भावोजींवर, त्या भिकूआज्यावर, सगळ्यांवरच.

दिवेलागणीला गेले. समईबिमई काही लावायची नाही, असं ठरवून गेले होते. लावली. सगळा पसारा सळसळत आड झाला. कोपऱ्यात एक राहिलं.

मी लांब चिमटा आणला होता, हातावर घ्यायची माझी छाती नव्हती. चिमटा खाली नेला. ते हललं नाही. मिश्या माझ्या दिशेने उचलल्या आणि तसंच थांबलं. काय करायचं ते झटकन करायचं आणि घरी जायचं, एवढंच डोक्यात होतं. पण हात पुढे जाईना. काहीतरी राहिलंय, चुकतंय असं वाटत होतं, आणि काय ते कळेना.

मग कळलं. दीर जिवंत असताना मी त्यांच्यापुढे कधी उघड्या डोक्याने उभी राहिले नव्हते.

मी चिमटा बाजूला ठेवला. पदर डोक्यावरून घेतला, नीट पुढे ओढला. आणि खाली वाकून उघडा हात पुढे केला.

"चला भावोजी," मी म्हटलं.