छत्तीस ठोके

कृष्णनाथ झोपला की देवकीचा जीव टांगणीला लागायचा. मुळगावात त्यांचे घर. तीस वर्षे त्याने खाणीवरचे ट्रक चालवले, आणि आता शहात्तराव्या वर्षी जेवून खाटेवर आडवा झाला की मिनिटाभरात घोरू लागायचा. गणपतीच्या चवथीला माहेरी आलेल्या लेकीने, सेजलने, बापाच्या मनगटाला नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ बांधले आणि तेव्हापासून देवकीची झोप उडाली. जागेपणी साठ-पासष्ट दिसणारा आकडा तो झोपला की उतरत जाई. पन्नास, चव्वेचाळीस. एके दुपारी छत्तीस झाला, तेव्हा तिने त्याला गदागदा हलवून उठवले.

मग ते रोजचेच झाले. ती उठवायची, तो करवादायचा. दोन महिन्यांत तिच्या डोळ्यांखाली काळे पडले, आमटीत मीठ दोनदा पडू लागले.

शेवटी सेजलने बापाला डॉक्टरकडे नेले. छातीला यंत्र लावून दिवसभराची नोंद घेतली. डॉक्टर म्हणाले, झोपेत ठोके सगळ्यांचेच मंदावतात, त्याची भीती नाही. पण वयाबरोबर हृदयाला चाल देणारी जागाच थकते. कृष्णनाथचे ठोके मध्येच पाच-पाच सेकंद थांबत होते, जागेपणीसुद्धा. मागे विहिरीपाशी तो पडला, तेव्हा घरच्यांना वाटले तसा पाय घसरलाच नव्हता; ठोके थांबून भोवळ आली होती. पेसमेकर बसवावा लागेल.

कृष्णनाथने साफ नकार दिला. घरी येऊन बायकोलाच समजावू लागला, की झोपेत मरण पुण्यवंताला येते. या वयात छाती कापून काय मिळवायचे?

देवकी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुमी निजेत जाल हो. मी तिथे जागी असणार. मी काय करू, ते सांगा."

तो उठून बाहेर बाकावर जाऊन बसला. तीन दिवस दोघे बोलली नाहीत. तिने त्याला उठवणेही सोडले. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि त्याचा श्वास ऐकत राहायची. चौथ्या दिवशी त्याने सेजलला फोन करून तारीख घ्यायला सांगितले.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला आत नेल्यावर देवकी बाहेरच्या बाकड्यावर केळबाय देवीचे नाव घेत बसली. नाव घेता घेता डोळा कधी लागला, कळले नाही. नर्सने खांदा हलवला तेव्हा ती दचकली.

"आजोबा चहा मागताहेत," नर्स म्हणाली. "पण इतक्यात द्यायचा नाही."

तो आत असताना आपल्याला झोप लागली, याची देवकीला आधी लाज वाटली. रडू नंतर आले.