नातीच्या हृदयाजवळची गळती

माझी सगळी नोकरी बडोद्यात, गोरव्याच्या कारखान्यात व्हॉल्व्ह बनवण्यात गेली. त्यामुळे जगातली कुठलीही गळती आपल्याला कळते, असा माझा एक समज आहे. मी नळ दुरुस्त केला की नंतर प्लंबरला दुप्पट वेळ लागतो, हे बायको पाहुण्यांना आवर्जून सांगते. समज काही गेलेला नाही.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, तरसालीला आली होती. नात मात्र फार लवकर आली. वजन किलोभरसुद्धा नाही. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकाला श्वासाची नळी. काही दिवसांनी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला बोलावलं. मला बोलावलं नव्हतं, मी गेलो. बाई गुजराती, पण मराठी शेजारात वाढलेल्या.

"पोटात बाळाला फुप्फुसं लागत नाहीत ना काका, म्हणून रक्ताला एक आडवाट असते. हृदयाच्या वर, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी. जन्मल्यावर ती मिटते. एवढ्या लवकर आलेल्या बाळांची उघडी राहते, मग फुप्फुसांवर रक्ताचा भार येतो."

"म्हणजे बायपास लाइन उघडी राहिली."

"हां, तसंच."

बाईंनी 'तसंच' म्हणायला नको होतं. मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला, दोन पाइप काढले, मधल्या जोडावर फुली मारली. "लाइन बंद करा. आजच."

"आधी औषध देऊ. पॅरासिटामॉल."

"तापाचं?"

"तेच. एनाथी, म्हणजे त्यानं, नळी आकसते."

ही म्हाताऱ्याची समजूत काढते आहे, अशी माझी खात्री पटली. कारण माझ्या भाच्याला तान्हेपणी हेच झालं होतं. तेव्हा बडोद्यातल्याच एका सर्जननं डाव्या बरगड्यांमधून चीर घेऊन नळी बांधून टाकली होती. भाचा आज लहरीपुऱ्यात दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकांवर खणखणीत ओरडतो. याहून मोठा पुरावा कोणता?

ते सर्जन आता क्वचितच ऑपरेशन करतात. मी त्यांना गाठलं आणि सांगितलं, वॉर्डातल्या डॉक्टरांनी बोलावलंय. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आमचे एक स्नेही बाळाला बघायला येताहेत. मुलीला काहीच सांगितलं नाही. व्यवस्था चोख होती. फक्त ती तिघं एकाच वेळी वॉर्डाच्या दारात भेटतील, हे माझ्या आकृतीत नव्हतं.

"मला का बोलावलंत?" सर्जननी विचारलं.

"मी? सर, मी तर नाही बोलावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझ्या लेकीला कापायचं ठरवलंत, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत?"

मी चपलांच्या रॅककडे बघत राहिलो. रॅक चांगला होता.

सर्जननी डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं सोनोग्राफी पाहिली आणि मुलीशेजारी बाकावर बसले. "पूर्वी आम्ही अशा नळ्या भराभर बांधायचो. मी तर मोठ्या ऐटीत. मग लक्षात आलं, थोडं थांबलं असतं तर यातल्या पुष्कळ आपोआप मिटल्या असत्या. शिवाय शेजारून आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर बाळाचा आवाज बसतो. आता आधी औषध, मग वाट बघणं. नाहीच जमलं तर मांडीतल्या शिरेतून बारीक तार नेऊन आतून बूच बसवतात. माझा नंबर शेवटी."

"आणि लागलाच तर?" मुलीनं विचारलं.

"तर येईन. हात अजून चालतो. पण बोलावणं डॉक्टरांचं हवं, आजोबांचं नव्हे."

शहरातला सगळ्यात भरवशाचा सर्जन मी आणला, आणि त्यानं चहासुद्धा न घेता माझ्याविरुद्ध मत दिलं.

मग आमचं वाट बघणं सुरू झालं. औषधाचा एक कोर्स पुरला नाही, पुन्हा दिलं. नात हळूहळू वाढत होती. एकदा मुलीला बरं नव्हतं म्हणून बाळाला ऊब मिळावी म्हणून उघड्या छातीशी धरून बसायचं काम माझ्याकडे आलं.

"शर्ट काढा, बसा," मुलगी लांबून म्हणाली. "आणि बाबा, काहीही करायचं नाही."

मी बसलो. माझ्या छातीवर ते एवढंसं अंग, चिमणीसारखं धडधडणारं. समोरच्या मशीनवर आकडे वरखाली होत होते आणि खाली एक सुंदर काळं बटण होतं.

"हात!" मुलगी कडाडली. मी हात मागे घेतला.

श्वासाची नळी निघाली त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. "हृदयाजवळची नळी अजून दोऱ्याएवढी उघडी आहे. पण फुप्फुसांना त्रास नाही, वजन चढतंय. आणखी थांबू या?"

"थांबू या," मी ताबडतोब म्हणालो.

"काका, मी ताईंना विचारलं."

मुलीनं लेकीच्या टोपीची नाडी सारखी केली. मग म्हणाली, "थांबू या."