उजवी बाजू वर

त्यानं बूट काढले आणि माझ्या हातात दिले.

जमिनीवर ठेवले नाहीत. दाराशी बुटांची रांग होती, रांगेत जागा होती. तरी हातात दिले. काळे, निमुळत्या टोकाचे, आतून अजून गरम. मी ते दोन्ही हातांनी घेतले. तो म्हणाला, "तू बूटच सांभाळ, बोंबला." आत बसलेले दोघे-तिघे हसले. त्यांना आमची भाषा येत नव्हती. नुसत्या सुरावर हसले.

हे दुबईत झालं, देऱ्यात, खाडीकाठच्या एका घरात. साठचं दशक होतं. अजून देश झाला नव्हता. बाजारात हिंदी रुपयासारखाच रुपया चालत होता आणि दुकानांत जपानी माल येऊ लागला होता. कापड, ट्रान्झिस्टर, चिनी मातीचे कप.

बूट देणारा युनूसमियाँ. आमच्या शेठचा पुतण्या. शेठ आमच्याच जिल्ह्यातले, रत्नागिरीकडचे, खानदानी. आम्ही त्यांना मोठे मियाँ म्हणायचो. मी त्यांच्या पेढीत कारकून. आम्ही एका मशिदीत, एका रांगेत नमाज पढायचो. पण मी दालदी. आमच्या किनाऱ्यावर मासे मारणाऱ्या मुसलमानांना दालदी म्हणतात. खानदानी घरं आम्हांला मुली देत नाहीत, आमच्या घेत नाहीत. मासळी घेतात. मी अंगानं बारीक, बाप होडीवर, म्हणून युनूसमियाँनं माझं नाव बोंबील ठेवलं होतं. पेढीत सगळे त्याच नावानं हाक मारायचे. मी ओ द्यायचो.

मला त्याचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. राग नव्हता, हेवा होता. राग असता तर बरं झालं असतं.

तो वर्षभरापूर्वी माल बघायला जपानला जाऊन आला होता. आल्यापासून रोज दुपारी, गिऱ्हाईक नसलं की, टोकियोच्या संध्याकाळी सांगायचा. कुठल्या क्लबात बँड होता. कुठल्या हॉटेलात पोरी पंख्याचा नाच करतात. पण त्याचं खरं सांगणं कपड्यांचं असायचं. "तिथं माणूस नंतर बघतात, आधी सूट बघतात. गडद हवा. टाय बारीक हवा. रुमाल खिशात दिसला पाहिजे, पण जास्त नाही." मग आवाज खाली आणायचा. "आणि मोजे. काही ठिकाणी दाराशी बूट काढावे लागतात. तिथं भलेभले पडतात. मोजा फाटका निघाला की माणूस खलास."

मी हे सगळं पाठ केलं होतं. न बघितलेल्या शहरात काय घालून जावं, हे मला तोंडपाठ होतं. रात्री आमच्या खोलीत पाच जण झोपायचो. मी डोळे मिटून त्याच्या सुटात शिरायचो. बाही बरोबर बसायची. त्याच्या केसांच्या क्रीमचा वास माझ्या उशीला यायचा, असं मला वाटायचं. तो मेला तर बरं, असं मी कधी म्हटलं नाही. तो तिथून हलावा आणि मी तिथं असावा, एवढंच म्हणायचो.

त्या वर्षी ओसाकाच्या एका कापड कंपनीनं देऱ्यात माणूस बसवला. तानाका. पन्नाशीचा, गोल चष्मा. मुंबईत काही वर्षं राहिलेला, त्यामुळे मोडकं हिंदी बोलायचा. त्यानं मोठ्या मियाँना सांगितलं की पेढीचा एक माणूस सहा महिने ओसाकाला पाठवा, गिरणी बघेल, काम शिकेल, खर्च आमचा. माणूस तोच निवडणार होता. त्यासाठी त्यानं घरी संध्याकाळ ठेवली, जपानी पद्धतीची, आणि पेढीतून दोघांना बोलावलं. एक युनूसमियाँ. दुसरा मी. मला का, हे कुणी सांगितलं नाही. कदाचित मी त्याला रोज चहा देता देता दोन वाक्यं बोलायचो म्हणून.

मी युनूसमियाँला विचारलं, "मियाँ, तिथं काय घालू?"

त्यानं मला खालून वर बघितलं. "तुझ्याकडं काय आहे?"

"पांढरा सदरा आहे. पँट आहे."

"सूट नाही?"

"नाही."

"मग सूट माझा घे. जुना. बूट पण घे." तो हसला. "मोजे मात्र स्वतःचे आण बाबा. मोजे कुणी कुणाचे घालत नाही."

मी उपकार मानले. त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. त्या आठवड्यात मी त्याचा जुना सूट रोज खुंटीवरून काढून हुंगायचो. कोपरांवर चकाकी आली होती, पण सूट त्याचा होता.

मोज्यांचा एकच जोड होता माझ्याकडं. गावाहून निघताना आईनं घेतलेला. अंगठ्याजवळ झिजला होता. मी तो रफू केला, काळ्या दोऱ्यानं. मोजा तपकिरी होता. दुसरा दोरा खोलीत नव्हता.

मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळल्यावरच्या, नमाजानंतर आम्ही गेलो. तानाकाच्या घराच्या दाराला कागदी कंदील लावला होता. आत एका मोठ्या खोलीत बोटीवरून आणलेल्या चटया अंथरल्या होत्या. ग्रामोफोनवर बाईचा बारीक आवाज. पाच-सात जपानी माणसं बसलेली, एक बंदरात आलेल्या बोटीचा कप्तान, दोन इराणी व्यापारी. कुणाच्याच अंगात सूट नव्हता. जपान्यांनी सुती झगे घातले होते, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, कमरेला पट्टा. पाहुण्यांसाठीही तसेच झगे घडी करून ठेवले होते. सदऱ्यावरून चढवायचे. युकाता म्हणतात, हे मला नंतर कळलं.

बूट काढायची वेळ आली. मी डावा बूट काढला आणि शिवण बुटातच राहिली. अंगठा बाहेर आला. सगळा. आमचे पाय असे असतात. लहानपणी खारवलेल्या रेतीत, मासळीच्या वाळवणात चाललेले पाय. टाचा भेगाळलेल्या, नखं जाड.

युनूसमियाँनं बघितलं. माझ्याकडं नाही, अंगठ्याकडं. आणि मोठ्यानं म्हणाला, आमच्या भाषेत, "आला बघा बोंबील जाळ्यातून."

मी उंबऱ्याबाहेर थांबलो. आत जाता येईना. मग त्यानं स्वतःचे बूट काढले, आणि पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

पाठोपाठ आणखी एक इराणी व्यापारी आला. त्यानं मला बूट धरून उभा बघितलं आणि स्वतःचेही माझ्याकडं दिले. मीही घेतले. दोघांचे बूट हातात घेऊन मी उभा राहिलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हे लक्षात ठेवायला हवं. मला कुणी उभं केलं नव्हतं. मी उभा होतो.

तिथून आतलं सगळं दिसत होतं. तानाकाच्या घरच्या बाईनं युनूसमियाँच्या अंगावर युकाता चढवला. उजवी बाजू आधी अंगाशी घेतली, मग डावी तिच्यावर आणली. पट्टा बांधायच्या आत युनूसमियाँनं तिचा हात थांबवला. तिला वाटलं घट्ट झालं. तो हिंदीत म्हणाला, "हमारे में सीधा हाथ ऊपर." आणि त्यानं स्वतः दोन्ही बाजू सोडवल्या, डावी आत घातली, उजवी वर घेतली, आणि छाती काढून उभा राहिला.

जपान्यांनी बोलणं अर्धवट टाकून त्याच्याकडं बघितलं. ग्रामोफोन चालू राहिला. ती बाई दोन पावलं मागं सरली.

मला कळलं. जपान्यांचं मला काही माहीत नव्हतं, पण हे मी बघितलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात आमच्या खोलीतला चिपळूणकडचा एक माणूस तापानं गेला होता. त्याला न्हाऊ घालून कफन आम्हीच घातलं. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं तसं मी केलं. डावी बाजू आधी अंगावर घ्यायची, मग उजवी तिच्यावर. उजवी वर. युनूसमियाँ तेव्हा आला होता. दारात उभा होता, नाकाला रुमाल लावून. त्यानं मयताला कधी हात लावला नव्हता. त्यांच्यात ते काम दुसरे करतात.

आमच्यात उजवं आधी, हे खरं आहे. उजव्या हातानं जेवायचं, उजवी बाही आधी घालायची, मशिदीत उजवा पाय आधी टाकायचा. आधी. वर नाही. पण जो आधी तो वरच असणार, असं त्याच्या घराण्यात धरून चालतात. त्याला दोन्हींतला फरक कधी शिकावा लागला नव्हता.

तो जपान्यांच्याही हिशेबानं मयताच्या वेशात उभा होता. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की तरीसुद्धा मला तिथंच उभं राहायचं आहे. त्या झग्यात. त्या चटईवर. त्याच्या जागी.

मी हा विचार पुढं कितीतरी वेळा उलटून पालटून बघितला आहे. त्यात बदल करता येत नाही. मला त्याचं कफनसुद्धा हवं होतं.

मग तो बोटीचा कप्तान हसला. पोट धरून हसला. जीभ बाहेर काढून डोळे फिरवले, मेलेल्या माणसासारखे. सगळे हसले. तानाका उठला, युनूसमियाँपुढं कमरेत वाकला, आणि स्वतःच्या हातानं बाजू बदलून दिल्या. हिंदीत म्हणाला, "अब ज़िंदा." युनूसमियाँही हसला. कप्तानानं त्याला शेजारी बसवून घेतलं, पाठीवर थाप मारली. त्या खोलीतला तो आता सगळ्यांत लाडका पाहुणा होता.

त्याची चूक गंमत झाली. माझी चूक माझी जात झाली. मोजे दोघांच्याही पायात होते आणि फाटका माझा निघाला, फरक एवढाच नव्हता. त्यानं चूक केली तेव्हा लोक त्याच्यापर्यंत उठून आले. मी केली तेव्हा त्यांनी मला बूट दिले.

हे मला तिथं, बूट हातात असताना कळलं. शब्द नंतर सुचले, पण कळलं तेव्हाच.

थोड्या वेळानं तानाकाची नजर दाराकडं गेली. तो आला. माझ्या हातांतले बूट बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. विचारलं, "आप अंदर क्यों नहीं?"

मी तोंड उघडायच्या आत आतून युनूसमियाँ बोलला. बसल्या जागेवरून, मान न वळवता.

"इसको यहीं अच्छा लगता है."

आवाजात खुन्नस नव्हती. उलट जिव्हाळा होता. बकरीला सावली आवडते, असं सांगावं तसं. वर्षानुवर्षं त्यांच्या घरांनी आमच्याबद्दल असंच सांगितलं असणार. यांना पडवीतच बरं वाटतं. यांना खालीच बसायला आवडतं. आणि आम्ही मान हलवली असणार.

मी बूट खाली ठेवले. दोन्ही जोड. रांगेत, नीट.

"नहीं," मी म्हणालो. "मुझे यहाँ अच्छा नहीं लगता."

मग उजवा बूटही काढला, मोजे काढले. ते तिथंच ठेवले, त्याच्या बुटांशेजारी. त्याचा कोट काढला, घडी करून मोज्यांवर ठेवला. सदरा-पँटवर, उघड्या पायांनी आत गेलो. तानाकानं मला युकाता दिला. मी उजवी बाजू आधी घेतली, डावी वर. तो बघत होता. मला बसायला जागा केली.

बसल्यावर दिसलं. सगळे जपानी अनवाणी होते. त्या झग्यावर मोजे कुणी घालतच नाही. एकटा युनूसमियाँ काळे मोजे घालून बसला होता. त्यानं मला मोज्यांचं मुद्दाम सांगितलं होतं, का टोकियोत त्याला तेवढंच दिसलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायची गरजही नाही.

घरी जाताना युनूसमियाँ दोन पावलं पुढं होता. दोघं एकाच गल्लीतून चाललो, तो बुटांत, मी त्याचे जुने बूट तिथंच सोडून अनवाणी. गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "माझ्या कपड्यात आलास आणि मलाच खोटं पाडलंस."

"तुम्ही माझ्या तोंडानं बोललात, मियाँ."

"बोंबला, तुला चढलंय."

"माझं नाव घ्या," मी म्हणालो. त्यानं घेतलं नाही. त्याला ते ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.

सकाळी मोठ्या मियाँनी बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "खानदानाची बेअदबी झाली. आपल्या लोकांत असं चालत नाही." मी विचारलं, "आपले म्हणजे कोण?" ते म्हणाले, "खलास." कामही तिथंच खलास झालं. ओसाकाला युनूसमियाँ गेला. तानाकानं कुणाचं नाव सांगितलं होतं, मला माहीत नाही. पेढीनं कुणाला पाठवलं, ते माहीत आहे.

मी शारजात आलो. रोल्ला म्हणतात त्या मोठ्या वडाजवळ एका दुकानात कापड मोजायचं काम मिळालं. सहा महिन्यांनी युनूसमियाँ परतल्याचं कळलं. कुणीतरी फोटो दाखवला. गिरणीच्या दारात उभा, नवा सूट, रुमाल खिशात दिसतोय, पण जास्त नाही. मी फोटो बराच वेळ धरून बसलो. हेवा गेलेला नाही. खोटं कशाला लिहू. सूट चांगला होता.

पण आता मला त्याच्या सुटात शिरायचं नाही. मला तो सूट मिळत नाही, यामागं काय आहे, ते मला बघायचं आहे, आणि बघितलेलं मोठ्यानं सांगायचं आहे. मशिदीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, जिथं आमची माणसं पडवीत बसलेली दिसतील तिथं.

काय घालू, हे मी त्यानंतर कुणाला विचारलेलं नाही. आणि मला कुठं बरं वाटतं, हे दुसरं कुणी सांगायचं नाही. ते मी सांगेन. जिथं बरं वाटत नाही, तिथं कुणाचे बूट धरून मी उभा राहणार नाही.