तुझं यिन कमी झालंय

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने आमच्या घरात माझ्या कुठल्याही बोलण्याला एकच उत्तर होतं. डिशवॉशर सकाळपासून भरलेला आहे आणि तिघांपैकी एकालाच तो दिसतो, असं मी म्हणाले की नवरा चष्म्यावरून बघायचा आणि समजूतदारपणे म्हणायचा, “तुझं यिन कमी झालंय.” ग्रोसरीला दर वेळी मीच का जायचं, असं विचारलं की आमची सतरा वर्षांची मुलगी कानातला इअरफोनसुद्धा न काढता म्हणायची, “आई, इट्स युअर यिन.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यांनी एवढी मेहनत घेऊन हा विचार मांडला, तो कॅनडातल्या किचनर गावात, एका मराठी घरात बाईचं तोंड बंद करायला वापरला जाईल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली. विंटर टायर काढून घ्यायला आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो होतो. गाडी वर चढवलेली, आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर कागदी कपातली कॉफी घेऊन बसलेलो. नवरा विमानांच्या सुट्या भागांच्या कामात आहे. तो कॉफी ढवळत म्हणाला, “मॉन्ट्रियलचं फायनल केलं मी. सप्टेंबरपासून जॉइन करायचंय.”

मला आधी वाटलं, प्रवासाबद्दल बोलतोय. मग कळलं की दोन महिने इंटरव्ह्यू चालू होते, ऑफर आली होती, त्याने होकारही कळवला होता. घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, “पिल्लू तर आता टोरोंटोला युनिव्हर्सिटीत जाईल. मग आपल्याला इथे आहेच काय?”

आपल्याला! मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीमची लीड आहे. पुण्यातला नऊ वर्षांचा अनुभव घेऊन इथे आले तेव्हा तो कोणी मोजला नाही, ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’ नव्हता म्हणून. पहिल्या हिवाळ्यात डोनटच्या काउंटरवर उभी राहिले. मग सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग आणखी एक, आणि असं करत करत आज अकरा माणसं माझ्या हाताखाली आहेत. ते सगळं इथे होतं. मॉन्ट्रियलला माझ्यासारख्या कामाला फ्रेंच लागतं. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ‘माझं नाव अमुक, मी भारतातून आले’ इथपासून पुन्हा सुरुवात करायची. हे मी त्याला गॅरेजमध्ये सांगितलं, गाडीत सांगितलं, घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, “तू आत्ता अपसेट आहेस. शांत झालीस की बोलू.”

मी शांत झाले नाही. मे महिन्यात झोप गेली. तळपाय आणि तळहात तापायला लागले, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मानेला घाम फुटायचा. फॅमिली डॉक्टरने रक्त तपासलं, रिपोर्ट ठीक आले, आणि फोनवर सहा मिनिटांत मला सांगण्यात आलं की हे वय असंच असतं. तेव्हा नवऱ्यानेच शोधून काढलं की त्याच्या कंपनीच्या बेनिफिट्समध्ये अॅक्युपंक्चर कव्हर होतं. त्यानेच चिनी वैद्यबाईंची अपॉइंटमेंट घेतली, त्यानेच कॅलेंडरमध्ये टाकली, त्यानेच मला रिमाइंडर पाठवला. एवढी तत्परता त्याने एप्रिलच्या आधी एकदा मला विचारण्यात दाखवली असती, तर मला सुया टोचून घ्याव्या लागल्या नसत्या.

वैद्यबाईंचा दवाखाना एका प्लाझामध्ये, नेल सलूनच्या वरच्या मजल्यावर होता. आत गेलं की काढ्याचा वास यायचा. साठीच्या पुढच्या, कापलेले केस, घरातल्यासारख्या सपाता घातलेल्या त्या बाई मोडकंतोडकं नाही, पण अडखळत इंग्रजी बोलायच्या. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली. तहान लागते का, कशाची लागते, गार पाण्याची की कोमट? झोप किती वाजता मोडते? स्वप्नं पडतात का? इतके प्रश्न मला कित्येक महिन्यांत कोणी विचारले नव्हते. मग त्यांनी छोटी बॅटरी लावली आणि जीभ बाहेर काढायला सांगितली.

जीभ बघून त्यांनी कागदावर लिहिलं. जीभ लाल, वर सायीसारखा पांढरा थर नाही. मग मला समजावलं. यिन म्हणजे शरीरातली ओल, गारवा, विसावा. यांग म्हणजे ऊब आणि हालचाल. “पातेल्याखालची आच वाढलेली नाही,” त्या म्हणाल्या, “पातेल्यातलं पाणी आटलंय. म्हणून पातेलं तापतंय.” मला ते फार पटलं. माझं पाणी आटलंच होतं.

त्यांनी एक पानभर यादी दिली. नाशपाती खा, काळे तीळ खा, मूग खा, पांढऱ्या अळंबीसारखं काहीतरी मिळतं त्याचं सूप करा. आलं, लसूण, मिरची, तळलेलं बंद. मी यादी वाचून मनात म्हटलं, अगं, हे तर आपलं उष्ण-थंड. त्या दिवशी रत्नागिरीला आईला फोन करून वाचून दाखवली. मुगापर्यंत ती हं हं करत होती. मग मी म्हणाले की वैद्यबाईंच्या मते खेकडा थंड आणि बडीशेप गरम.

“खेकडा थंड?” आई म्हणाली. “मग मी बर्फ.”

आईशी माझं तेवढ्यावर भागलं. खरा घोळ मी यादी फ्रिजवर लावून केला. माकडाच्या हाती कोलीत मिळालं. नवऱ्याने त्या संध्याकाळी यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले आणि जेवताना तो तज्ज्ञ होऊनच आला. यिन म्हणजे स्त्री, त्याने सांगितलं. शांत, थंड, आत राहणारी, धरून ठेवणारी. यांग म्हणजे पुरुष. बाहेर जाणारा, पुढाकार घेणारा. “म्हणजे बघ ना, तुझ्यातलं स्त्रीत्वच कमी झालंय जरा, म्हणून सारखी भडकतेस. नीट ट्रीटमेंट घे, मॉन्ट्रियलपर्यंत बरी होशील.”

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तेही मला बोलता येईना! बोलले तर आजार सिद्ध होत होता. गप्प बसले तर औषध लागू पडत होतं. माझ्या चहातलं आलं बंद झालं. ठेच्याची बरणी त्याने उचलून वरच्या फळीवर ठेवली, जिथे माझा हात पोचत नाही. मी एकदा रागाने स्टूल घेऊन चढले, तर मुलगी म्हणाली, “बाबा, शी इज गेटिंग हॉट अगेन,” आणि दोघं हसले. माझ्या पोटच्या पोरीने हसावं, हे मला त्याच्या हसण्याहून जास्त लागलं. आणि मॉन्ट्रियल? ते पुढेच चाललं होतं. तिथल्या काँडोंचे, म्हणजे फ्लॅट्सचे, फोटो मला रोज फोनवर येत होते. मी उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्थ औषधाने गुण येतोय असा.

सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. खरंच माझंच काही बिघडलंय का? नोकरी सुटण्याचं एवढं काय? बायका नवऱ्यामागे गावं बदलतातच की. मी अळंबीचं सूप पीत होते आणि राग उतरण्याची वाट बघत होते. उतरला की मॉन्ट्रियलला जायला हरकत नव्हती. म्हणजे माझी पुढची वीस वर्षं त्या सुपावर अवलंबून होती.

चौथ्या खेपेला वैद्यबाई गोंधळल्या. नाडी त्यांनी दोनदा बघितली. “नाडी एक सांगते, जीभ दुसरंच,” त्या म्हणाल्या. यिन आटलं तर नाडी बारीक आणि घाईची लागते. माझी तर ताणलेल्या तारेसारखी लागत होती. त्यांनी बॅटरी जवळ आणली, डोळे बारीक केले, आणि विचारलं, “जिभेवर हा ओरखडा कसला?”

मी अभिमानाने पर्स उघडली आणि आईने दिलेली तांब्याची पट्टी काढून दाखवली. रोज सकाळी दात घासले की जीभ खरवडायची, हे मला तिसऱ्या वर्षापासून शिकवलंय. न खरवडता चहा पिणं म्हणजे आमच्याकडे पाप. आणि डॉक्टरकडे जायचं तर माणसाने स्वच्छ जायला नको? म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी ऑफिसच्या वॉशरूममध्ये मी पुन्हा एकदा, नेहमीपेक्षा जोर लावून, जीभ खरवडून येत असे. दुपारच्या भाजीची हळद दिसायला नको.

वैद्यबाईंनी ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि कपाळाला हात लावला. ज्या सायीवरून त्या पोटातलं आणि यिनचं वाचत होत्या, ती मी दर वेळी दारात खरवडून टाकून येत होते. त्यांनी पहिल्या दिवशी भरून घेतलेला फॉर्म काढला. त्यावर स्पष्ट छापलं होतं: येण्याआधी जीभ घासू नका. मी ते वाचलं होतं. वाचून मला वाटलं होतं, छापताना चूक झाली असणार. कोणता डॉक्टर अस्वच्छ या म्हणेल? दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी मी, आणि जिथे चूक नव्हती तिथे ती मनातल्या मनात दुरुस्त करून मोकळी झाले. त्या दिवशी मला स्वतःचाही मनापासून संताप आला.

“चार दिवस हात लावू नका,” त्यांनी बजावलं. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तोंडात घोंगडी ठेवल्यासारखं वाटायचं. पाचव्या दिवशी गेले. त्यांनी बॅटरी लावली आणि जीभ सगळीकडून बघितली. मग मला आरसा दिला. जिभेवर पातळ, पांढरी, एकसारखी साय होती. कडा तेवढ्या लालसर.

“यिन ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “वयाला असावं तेवढं आहे. घामाचं पुन्हा फॅमिली डॉक्टरला सांगा, ऐकत नसेल तर परत सांगा. पण तुमच्यात काही कमी नाहीये. काहीतरी अडलंय. एप्रिलमध्ये काय झालं?”

मी सांगितलं. मॉन्ट्रियल, गॅरेज, कॉफी, सगळं. यिन म्हणजे स्त्री आणि यांग म्हणजे पुरुष, हे नवऱ्याचं ज्ञानही सांगितलं. त्यावर त्या पहिल्यांदाच चिडलेल्या दिसल्या. डोंगराची सावलीतली बाजू यिन आणि उन्हातली यांग, त्या म्हणाल्या, आणि ऊन दिवसभरात फिरतं. कुठलीच गोष्ट एकटी यिन नसते, कशाच्या तरी तुलनेत असते. माणसाची पाठ यांग, पोट यिन. “तुमच्या नवऱ्यालाही पोट असेलच,” त्या म्हणाल्या. त्याला चांगलंच आहे.

मग त्या चिठ्ठी लिहायला बसल्या आणि मध्येच थांबल्या. “अडलेलं मोकळं करायला माझ्याकडे औषध आहे,” त्या म्हणाल्या. “पण ते मी तुम्हालाच देऊ शकते. तुमच्या नवऱ्याला कोण देणार?”

मी घरी आले तेव्हा साडेपाच वाजले होते. नवरा डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसला होता, समोर नदीकाठच्या काँडोचा नकाशा. मुलगी सोफ्यावर. मी फ्रिजवरची यादी काढली, स्टूल ओढून ठेच्याची बरणी खाली घेतली. ते बघून तो हसला आणि म्हणाला, “काय गं, आज पुन्हा यिन?”

“यिन व्यवस्थित आहे,” मी म्हणाले. “आज तपासून आले. आधीचं निदान माझ्या जीभ खरवडण्यामुळे चुकलं होतं. बाईंनी स्वतः सांगितलं, काही कमी नाही.”

त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. मुलीने एका कानातला इअरफोन काढला. नवरा खरंच गोंधळला होता.

“मग तुला एवढा राग कशाचा येतो?”

तीन महिन्यांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. मी सांगत असलेल्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. परक्या बाईने माझी तब्येत बरी आहे असं म्हटल्यावर बसला. ह्याची चीड मला आजही येते, हे लिहितानाही येतेय. पण विचारलं तर होतं. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले.

“तू मला विचारलं नाहीस,” मी म्हणाले.

“अगं, पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस!”

“हो,” मी म्हणाले. “म्हणूनच विचारायचं असतं.”