उजव्या हाताला मी

दिशेचं गणित आलं की भोवरा खुर्चीतून उठायचा. गणितातला माणूस उत्तरेकडे निघाला, की हाही उत्तरेकडे तोंड करून उभा. तो उजवीकडे वळला, की हाही वळला. तो दोनदा डावीकडे जाऊन एकदा मागे फिरला, तर हा पुस्तक हातात धरून तेवढ्याच गिरक्या घ्यायचा आणि शेवटी समोर जी भिंत येईल ती बघून उत्तर लिहायचा. उत्तर कधी चुकलं नाही. परभणीत जिंतूर रोडवरच्या आमच्या अभ्यासिकेत प्लायवूडचे अरुंद खण होते. त्याचं कोपर लागून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या पडायच्या आणि पोरं शिव्या द्यायची. भोवरा हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही. मी आलो तेव्हा ते रुळलेलं होतं आणि खरं नाव फक्त हॉलतिकिटावर उरलं होतं.

तो पालमकडच्या एका खेड्यातला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, जी जाहिरात निघेल तिला त्याचा फॉर्म जायचा आणि दर वेळी थोडक्यात हुकायचं. एकदा इंग्रजीनं खाल्लं, एकदा पेपरच रद्द झाला, एकदा निकाल लागेपर्यंत जागाच कमी झाल्या. आमची ओळख झाली तेव्हा तलाठ्याची जाहिरात निघाली होती. वयात बसणारी त्याची ती शेवटची भरती. हे सगळ्या अभ्यासिकेला ठाऊक होतं. तो आला की पोरं जरा हळू बोलायची, घरात कुणी आजारी असल्यासारखी.

त्याला स्वतःला मात्र त्या गणितातल्या माणसाची जास्त काळजी. "एक माणूस घरून निघून उत्तरेकडे तीन किलोमीटर जातो" असं मी वाचलं, की तो विचारायचा, "कशाला जातो?" मी म्हणायचो, दादा, ते दिलेलं नाही. "मंग उजवीकडं चार किलोमीटर कशाला गेला? काम न्हाई, धंदा न्हाई, नुसता वळायलाय. बेकार असंल. फॉर्म भरायला चालला असंल बिचारा." पोरं हसायची. तो हसायचा नाही. वहीवर तिरपी रेघ मारून पाच लिहायचा आणि म्हणायचा, "बघ, चालला सात, पण मोजतेत पाचच. निघाल्या जाग्यापासून किती लांब आलास, तेवढंच विचारतेत हे लोक."

मी या गणितांत पक्का ढ होतो. कागदावर दक्षिणेकडे तोंड केलेल्या माणसाचा उजवा हात मला दर वेळी उलटाच दिसायचा. भोवऱ्यानं मला सकाळी मैदानावर नेलं. हातात चुन्याची पिशवी. त्यानं एक फुली मारली आणि म्हणाला, "हे तुझं घर. आता मी सांगतो तसा चाल." महिनाभर मी त्या मैदानावर चाललो. फिरायला येणारे रिटायर लोक थांबून बघायचे, एकानं तर या कवायतीच्या क्लासची फी किती म्हणून विचारलं. उगवत्या सूर्याकडे पाठ करून सावली कुठं पडते, हे त्यानं मला पुस्तकातून नाही, माझीच सावली दाखवून शिकवलं. "आपल्याला पूर्व-पश्चिम नंतर आली रे. आधी उगवत आन् मावळत. तेवढं धरून ठिव, चुकणार न्हाई." खरंच चुकेनासं झालं. कोचिंगवाल्यांनी फी घेऊन जे दिलं नाही, ते या माणसानं चुन्याच्या फुलीवर दिलं. आणि मी काय दिलं, ते पुढे येतंच आहे.

एसटीत बसलं तरी त्याचं थांबायचं नाही. एकदा शनिवारी आम्ही पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो. बस वळली की हा सीटवरून अर्धा उठून मागे बघायचा. "आता तोंड कुणीकडं, सांग." कंडक्टर दोनदा बोलला, "ओ पाव्हणं, बसा की खाली. उतरायचं हाय का तुमाला?" हा म्हणाला, "उतरायचं न्हाई हो, फकस्त कुठं चाललोत ते बघायलो." कंडक्टरनं कपाळावर हात मारला. देवळात हात जोडून तो बराच वेळ उभा होता. काय मागितलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय मागायचं असतंय? खुर्ची."

परीक्षा ऑनलाइन होती आणि तिथे उठता येणार नाही, ही त्याची खरी अडचण. मग आम्ही सवय मोडायला लागलो. मी फूटपट्टी घेऊन मागे बसायचो आणि तो वळला की खांद्यावर हाणायचो. त्यानं रुमालानं खांदा खुर्चीला बांधूनही पाहिला. वळणं थांबलं, पण गणितं चुकायला लागली. "अंग बांधलं की डोकं चालत न्हाई रे," असं म्हणून त्यानं रुमाल सोडला. शेवटी एवढंच जमलं की धड स्थिर ठेवायचं आणि फक्त मान वळवायची. मला मात्र त्यानं निराळी युक्ती दिली. "तू चपलेतल्या चपलेत अंगठा वळव. टेबलाखाली कोण बघतंय? मला न्हाई जमत, तुला जमंल." मला जमलं.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं. योगायोग असा की दोघांची एकच वेळ आणि एकच हॉल. त्याहून वाईट योगायोग म्हणजे खुर्च्या शेजारी. त्याच्या उजव्या हाताला मी.

अर्धा तास झाला असेल. पर्यवेक्षक त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "समोर बघा." थोड्या वेळानं पुन्हा आला आणि म्हणाला, "ही शेवटची ताकीद." मला कळत होतं काय चाललंय. त्याच्या पडद्यावरचा कुणीतरी बेकार माणूस उजवीकडे वळत होता. मी त्याला खुणेनं सावध करू शकलो असतो. केलं नाही. माझं घड्याळ चालू होतं. तिसऱ्यांदा पर्यवेक्षकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला उभं केलं.

"यांच्या स्क्रीनवर बघताय?"

"न्हाई साहेब. मी दिशा बघायलो होतो."

हॉलमध्ये हशा पिकला. प्रत्येकाच्या पडद्यावर प्रश्नांचा क्रम वेगळा असतो, माझ्याकडे बघून त्याला कवडीचा फायदा नव्हता, हे त्या पर्यवेक्षकाला ठाऊक असणारच. पण तो माझ्याकडे वळला. "हे तुमच्या ओळखीचे आहेत का?"

दोन वाक्यांचं काम होतं. साहेब, याला मी ओळखतो, याची ही सवयच आहे, सगळ्या अभ्यासिकेला विचारा. मी म्हणालो, "नाही."

भोवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पर्यवेक्षकानं त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "न्हाई साहेब, मी न्हाई ओळखत ह्यांला." कालपर्यंत ज्याला अरे-तुरे करायचा, त्याला 'ह्यांला' म्हणाला. मग एका कागदावर त्याची सही घेतली आणि त्याला बाहेर नेलं. मी पुढच्या प्रश्नावर गेलो. तासाभरानं माझ्या पडद्यावर दिशेचं गणित आलं. माणूस दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, तो उजवीकडे वळतो. मी टेबलाखाली अंगठा वळवला आणि पश्चिम निवडलं.

पेपर संपवून बाहेर आलो तर तो फाटकाजवळ उन्हात बसला होता. आमच्या दोघांच्या पिशव्या बाहेर ठेवलेल्या होत्या, त्यातली माझी त्यानं मांडीवर घेतली होती. लोक चुकून दुसऱ्याची उचलतात म्हणून, असं म्हणाला. मग विचारलं, "दिशेची किती आली?"

"चार."

"बरोबर आली का चारी?"

"हो."

"मंग झालं." पिशवी माझ्या हातात देऊन तो पुढे म्हणाला, "तू न्हाई म्हणलास ते बरंच केलंस. दोघंबी गेलो असतो." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. त्यानं मला शहाणा ठरवलं आणि कायमचा अडकवून ठेवलं. येताना एसटी कितीतरी वळणं वळली. भोवऱ्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. मांडीवर हात ठेवून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसला होता. परभणीत उतरून अभ्यासिकेतली गादी आणि पुस्तकं घेऊन तो दुसऱ्या दिवशी पालमच्या गाडीत बसला. मी स्टँडवर गेलो नाही. तोंड नव्हतं.

निकाल लागला आणि मी तलाठी झालो. जितक्या मार्कांनी मी यादीत आलो, त्याहून जास्त मार्क त्या चार गणितांचे होते. हा हिशेब मला कुणी विचारला नाही, मी मात्र तो रोज करतो. घरच्यांनी गावभर पेढे वाटले. त्यातला एक पुडा पालमकडे न्यायचा म्हणून मी बाजूला ठेवला होता. तो मुंग्यांनी खाल्ला.

आता मी जिंतूर तालुक्यात असतो. कुणाच्या शेताचा पंचनामा असला की चतुःसीमा लिहाव्या लागतात, पूर्वेस अमक्याचा बांध, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. कागद समोर असतो तरी टेबलाखाली माझा अंगठा आपोआप वळतो. परवा ऑफिसात फरशी पुसताना आमच्या कोतवालानं ते पाहिलं.

"आप्पा, पाय दुखायलाय का?"

"नाही रे. दिशा लिहिताना होतं तसं. सवय आहे."

"लय येगळी सवय हाय. कुणी लावली?"

मी लिहिता हात थांबवला. सांगायला दोनच वाक्यं लागली असती. आणि या वेळी घड्याळही चालू नव्हतं.

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि दक्षिणेस कोण, ते लिहायला लागलो.